न हलवलेला कप

कुठल्याही भिंतीजवळ गेले की साहेब आधी बोटाने टकटक करत, कान लावत आणि म्हणत, "थांब, बोलतेय." ऑफिसातल्या जिप्समच्या पार्टिशनवरही त्यांनी एकदा टकटक केली. "ही मुकी आहे बिचारी," म्हणाले. पलीकडून मॅनेजरने डोकं बाहेर काढलं, तेव्हा मोठ्या सभ्यपणे गुड मॉर्निंग केलं.

साहेब पुण्याचे. दुबईपलीकडच्या फुजैरातल्या आमच्या ऑफिसात जुन्या इमारतींची कामं तेच बघत, आणि टेप धरायला मी असे.

एका ऑगस्टमध्ये आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या खजुराच्या बागेत गेलो. तिथलं दगडमातीचं शेतघर पाडून व्हिला बांधायचा होता. पाडण्याआधी मोजमापं आणि फोटो घ्यायचे, एवढंच आमचं काम. जेसीबी दारात उभाच होता. मालकांनी, म्हणजे म्हाताऱ्या अरबाबांनी, मान डोलवायचा अवकाश.

"इस में गर्मी बहुत," अरबाब म्हणाले. "बच्चा लोग को एसी मंगता."

साहेबांनी भिंतीला कान लावला आणि त्यांचा चेहराच उतरला. हे घर ते सुखासुखी जाऊ देणार नाहीत, हे मी तिथेच ओळखलं.

अरबाबांनी आतल्या खोलीत कॉफी मांडली. तुम्ही इकडे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊकच आहे: पुरे झालं की तो बिनकानाचा छोटा कप हलवायचा. नाही हलवला तर यजमान ओततच राहतो, पाहुण्याला सोडून उठत नाही. साहेब इथे मुरलेले. तरी त्यांचा कप काही हलेना.

"साहेब, कप हलवा ना!" मी कुजबुजलो.

"गप रे. भिंतीला जरा वेळ दे."

बाहेर जेसीबीवाल्याने हॉर्न दिला. साहेबांनी पुन्हा कप पुढे केला आणि खजुराच्या जातींची चौकशी आरंभली. अरबाब खुलले. सांगता सांगता तक्क्याला रेलले आणि चक्क घोरू लागले. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं.

जाग आली तेव्हा ते इकडेतिकडे बघू लागले. "एसी किधर है?"

साहेबांनी जाड भिंतीवर टकटक केली. "आपके दादा ने लगाया, अरबाब."

अरबाबांनी आधी डोळे वटारले. मग इतके हसले की डोळे पुसावे लागले. बाहेर जाऊन जेसीबीवाल्याला म्हणाले, "खलास. यल्ला, जाओ." तेव्हा कुठे साहेबांनी कप हलवला.

पुढे दुरुस्तीचं काम आमच्याकडेच आलं. ठेकेदाराने सिमेंटच्या गोण्या आणल्या, तर साहेब त्याला म्हणाले, "तू आजीला रेनकोट घालून झोपवतोस का रे?" भिंतींना श्वास घेता यावा म्हणून सगळीकडे मातीचाच गिलावा झाला.

निवृत्त होऊन साहेब पुण्याला गेले आणि या जूनमध्ये तिथेच वारले. माझा फार जीव होता त्यांच्यावर. बातमी सांगायला मी बागेत गेलो. त्याच गार खोलीत अरबाबांनी कॉफी ओतली.

"तुम्हारा वो शैतान कब आएगा?" त्यांनी हसत विचारलं. "उस को बोलो, इस बार मैं नहीं सोएगा."

कॉफी संपली की सांगायचं, असं मी ठरवलं होतं. कप रिकामा झाला. अरबाब किटली घेऊन माझ्या हाताकडे बघत होते.

मी कप हलवला नाही.