अण्णांचं बोट आणि लालबागचा ओला कागद

"मुलगा बसलेला बघायचा नसतो, उभा बघायचा," असं अण्णांनी जेवताना जाहीर केलं आणि आमचं लालबागला जायचं ठरलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. गिरगावात त्यांचा लहानसा छापखाना होता. लग्नाच्या पत्रिका, मुंजीच्या पत्रिका आणि त्या दिवसांत संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं तिथे छापली जात. मुलगा म्हणजे मधुकर. माझ्या थोरल्या बहिणीसाठी, कुसुमताईसाठी, वासूमामाने आणलेलं स्थळ. परळला राहणारा आणि लालबागच्या एका कागदाच्या कारखान्यात सुपरवायझर. अण्णांचं म्हणणं असं, की पोह्यांच्या बशीसमोर कोणीही सज्जन दिसतो, तेव्हा त्याला कामावर जाऊन बघावं, तेही गिऱ्हाईक बनून.

हे वाचणाऱ्यांत बर्फ बघायला हजारो मैल जाणारी मंडळी आहेत. त्यांना गिरगाव ते लालबाग हा प्रवास वाटणार नाही. आमच्या घरी वाटत होता. आईने आदल्या दिवशीच सांज्याच्या वड्या केल्या आणि फिरकीच्या तांब्यात पाणी भरून दिलं, कारण "तिकडचं पाणी कसं असतं कोण जाणे." तिकडे आणि इकडे पाणी एकाच तलावांतून येतं हे मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, "येतं तिथून, पण वाटेत काय काय लागतं त्याला."

निघताना कुसुमताईने मला जिन्यात गाठलं. ती शाळेत शिकवायची आणि बोलायची मोजकं.

"हे बघ, वासूमामाकडे मी पाहिलंय त्याला. मला चालेल," ती म्हणाली. "एवढंच कर, अण्णांना कागद बघू देऊ नकोस. माणूस बघू दे."

तिच्या बोलण्यामागे इतिहास होता. अण्णा समोर येणारा प्रत्येक कागद अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरून हलकेच चोळत. याला ते कागदाची नस बघणं म्हणत, आणि माणसाची पारखही त्यावरूनच करत. एका स्थळाचं पत्र इतक्या पातळ कागदावर आलं की मागच्या ओळी पुढे दिसत होत्या. अण्णा म्हणाले, याच्या पोटात काही राहायचं नाही. दुसऱ्याचा कागद गुळगुळीत होता, म्हणून तो माणूस निसरडा ठरला. अशी तीन स्थळं गेली होती. चौथ्या वेळी वासूमामाने शहाणपणा करून पत्र आणलंच नाही. आणि आता अण्णा निघाले होते कागदाच्या कारखान्यात.

क्रॉफर्ड मार्केटला गाडी बदलून आम्ही दादरची ट्राम धरली. तिकीट एक आणा. पण नवे पैसे नुकतेच चालू झाले होते आणि एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. अण्णांनी माणशी सहा दिले. कंडक्टर म्हणाला, माणशी वरचा पाव पैसा राहिला.

"पाव पैशाचं नाणं काढलंय का सरकारने?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"मग मी काय कापून देऊ?"

पलीकडचा धोतरवाला म्हणाला, "आधी मुंबई मिळू द्या, मग पाव पैशाचं बघू." यावर सगळा डबा हसला आणि कंडक्टरने नाद सोडला. भायखळ्यापर्यंत मुंबई कोणाची याचा निकाल आमच्या डब्यापुरता लागला होता.

लालबागला उतरलो आणि अण्णा शिंकायला लागले. तिथे मिरच्या कांडणाऱ्या डंकांची धडधड चालू होती आणि हवाच तिखट होती. तुम्ही आज गेलात तरी हा भाग तसाच सापडेल. रुमाल न्या. अण्णांनी उपरण्याने नाक पुसलं, डोळे पुसले, आणि समोरच्या भिंतीवर त्यांना पत्रक दिसलं. जाड खाकी कागदावर मोठ्या अक्षरांत 'झालाच पाहिजे'. अण्णा पुढे झाले आणि पत्रकाचा सुटलेला कोपरा त्यांनी चिमटीत धरला.

"ओ काका," मागून एक जण ओरडला. "पत्रक फाडताय काय?"

त्या दिवसांत लालबागमध्ये हे पत्रक फाडणाऱ्याचं काय झालं असतं हे सांगायला नको. बघता बघता चौघे जमले.

"फाडत नाही. कागद बघतोय," अण्णा म्हणाले.

"मग वाचा ना. चाचपताय काय?"

"वडील रडतायत का तुमचे?" दुसऱ्याने मला विचारलं.

अण्णांच्या डोळ्यांना मिरचीमुळे धार लागली होती. मी म्हटलं, हो, पत्रक वाचून. चौघेही एकदम मऊ झाले आणि त्यांनी आम्हांला कारखान्याच्या दारापर्यंत पोचवलं.

कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. गिरण्यांतल्या चिंध्या आणि शहरभरची रद्दी एका टोकाने आत जाई आणि दुसऱ्या टोकाने खाकी कागदाचे गठ्ठे बाहेर पडत. पत्रकांचा कागद इथलाच होता. आम्ही गिरगावचे छापखानेवाले, पाकिटांसाठी कागद बघायला आलो, असं दारावर सांगितलं. आम्हांला आत न्यायला आले ते सावंत, मशीनवरचे सगळ्यांत जुने गडी, मालवणकडचे.

"ह्या मशीन माझ्याच जीवार चालता," त्यांनी चालता चालताच सांगून टाकलं. "शेठाक इचारा."

मशीनपाशी गमबूट घातलेला, अर्ध्या चड्डीतला एक तरुण उभा होता. केसांत लगदा अडकलेला. अण्णा त्याच्या मागे टाय लावलेला कोणी दिसतो का ते बघत होते. सावंत म्हणाले, "हे आमचे सुपरवायझर." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मधुकरने आम्हांला मशीन दाखवलं. पातळ लगदा आधी बारीक जाळीवर पसरतो आणि बरंचसं पाणी खाली गळून जातं. उरलेला ओला थर फेल्टवर, म्हणजे लोकरीच्या जाड, फिरत्या पट्ट्यावर चढतो आणि दोन अवजड रुळांमधून जातो. रूळ दाबतात, पाणी फेल्टमध्ये शिरतं, तिथून खालच्या पन्हळीत पडतं. पुढे वाफेची गरम पिंपं आहेत, ती राहिलेला ओलावा घालवतात.

"वाफेला कोळसा लागतो," मधुकर म्हणाला. "म्हणून जेवढं पाणी इथे दाबून निघेल तेवढं बरं."

"मग रूळ आणखी आवळा की," अण्णा म्हणाले. "आमची मोलकरीण धोतर पिळते ते बघा."

"आवळून बघितलं. पाण्याला निघायला वाट मिळाली नाही तर ते कागदच फोडून बाहेर येतं. कागद अजून कच्चा असतो इथे."

"माका पण आधी तसाच वाटलेला," सावंत म्हणाले. "मी आवळलेले पण. दोन पाळये नुसतो लगदो भरित होतंव."

मधुकरने रुळांच्या पलीकडे बोट दाखवलं. दाब संपला की कागद फेल्टपासून ताबडतोब वेगळा होत होता. "इथे रेंगाळून चालत नाही. फेल्टला चिकटून राहिला तर निघालेलं पाणी कागद परत पितो. केलेलं सगळं फुकट."

अण्णांनी मान हलवली. मी मनात म्हटलं, माणूस बघतायत, ठीक चाललंय. तेवढ्यात सावंत चहा आणायला गेले, मधुकर कोणाच्या तरी हाकेला मागे वळला, आणि अण्णा मशीनपुढे आडवी बांधलेली दोरी ओलांडून आत गेले.

त्यांना अडवायला मी पुढे झालो, पण सवय माझ्यापेक्षा चपळ होती. रुळांच्या तोंडाशी, फेल्टवरून सरकणाऱ्या ओल्या कागदाला अण्णांनी चिमूट लावली.

त्या अवस्थेत कागदाला नस नसते. बोटं टेकली तिथे भोक पडलं, भोकाची फाट झाली आणि कागद तुटला. अण्णा ते वाकून बघायला गेले, तर खांद्यावरच्या उपरण्याचं टोक फेल्टवर टेकलं. फेल्टने ते निमूट रुळांकडे न्यायला सुरुवात केली. उपरण्याला अण्णा जोडलेले होते.

"हात मागे! हात!"

मधुकर कुठून आला ते दिसलं नाही. त्याने अण्णांच्या खांद्यावरून उपरणं ओरबाडलं, अण्णांना कोपराने मागे ढकललं आणि दुसऱ्या हाताने दांडा ओढला. उपरणं रुळांमधून आरपार गेलं आणि मशीन कण्हत थांबलं. अण्णा रद्दीच्या गठ्ठ्यावर बसले होते.

"दाखवा हात. दोन्ही." मधुकरने अण्णांची बोटं एकेक करून तपासली आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाशी त्याचा चेहरा उतरला. बोटाचं टोक नव्हतं. "सावंत, रुळाखाली बघा. लवकर."

चहा घेऊन परतलेले सावंत किटली टाकून पालथे पडले.

"अहो, ते आजचं नाही," अण्णा म्हणाले. "तरुणपणी गेलं. छापायच्या ट्रेडल मशीनमध्ये."

मधुकरने त्यांचा हात सोडला. "म्हणजे सवयच आहे."

मग तो जो बोलत सुटला. वय काय तुमचं, स्वतःच्या छापखान्यात असं घडलं असताना अक्कल कशी आली नाही, ही दोरी काय कपडे वाळत घालायला बांधली आहे का. घरी अण्णांशी एवढ्या आवाजात कोणी बोलत नसे. त्यांचे कान लाल झाले. ते उठले आणि म्हणाले, "मी कोण आहे हे तुम्हांला माहीत आहे का?"

मी डोळे मिटले. पण वाक्य तिथेच थांबलं. पुढचं सांगितलं असतं तर गिऱ्हाइकाचं सोंग उघडं पडलं असतं. अण्णांनी ते चहाशिवायच गिळलं.

तेवढ्यात शेठ वरून खाली आले. मशीन कोणी थांबवलं म्हणून विचारलं.

"ह्येंनी बोट घातल्यानी," सावंत जमिनीवरूनच म्हणाले.

"थांबवलं मी," मधुकर म्हणाला. "पाहुण्यांनी बोट घातलं हे खरं. पण ते दोरीच्या आत आले तेव्हा लक्ष माझं नव्हतं."

"पाहुणे आहेत की गिऱ्हाईक?"

"अजून ठरायचंय," मधुकर म्हणाला आणि कामाला लागला.

फाटका कागद पुन्हा लगद्याच्या हौदात गेला. तिथे काही वाया जात नाही. सावंत आणि दोघे गडी ओल्या कागदाचा पदर हातावर झेलून पिंपापर्यंत नेत होते, तो दोनदा तुटला. अण्णा हात पाठीमागे बांधून बघत उभे होते. एरवी त्यांना तसं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

पोचवायला मधुकर फाटकापर्यंत आला. हातात अण्णांचं उपरणं. ते पापडासारखं सपाट झालं होतं आणि त्यावर फेल्टची बारीक वीण उमटली होती.

"घरी सांगाल तेव्हा मी ओरडलो तेही सांगा," तो म्हणाला. "मागाहून कळण्यापेक्षा बरं."

"घरी?" अण्णा थबकले. "म्हणजे तुम्हांला—"

"वासूमामा सकाळीच येऊन सांगून गेले. म्हणून तर गमबूट पुसले होते."

रस्त्यापलीकडे एका खानावळीत आम्ही जेवलो. बांगड्याची आमटी आणि भात. भूक नाही म्हणत अण्णांनी भात दोनदा मागून घेतला. सांज्याच्या वड्या तशाच राहिल्या. तांब्यातलं पाणी मी बाहेर झाडाला घातलं. परतताना मोर्च्यामुळे ट्राम अडली होती, म्हणून भायखळ्यापर्यंत पायी. अण्णा घोषणाही देत नव्हते. मधेच म्हणाले, "माहीत होतं त्याला. माहीत असून ओरडला." थोड्या वेळाने पुन्हा तेच. रागाने म्हणाले की कशाने, मला कळेना. सकाळी जिन्यात बजावून गेलेल्या कुसुमताईला काय सांगायचं याची मी वाटभर जुळणी करत होतो आणि ती जुळत नव्हती.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच होती.

"कसा आहे मुलगा?"

"ओरडतो," अण्णा म्हणाले. "गमबूट घालतो. केसांत लगदा."

"अगं बाई. मग नको."

"नको कोण म्हणालं?"

कुसुमताई आत शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले. मान वर न करता तिने विचारलं, "आणि त्यांच्याकडचा कागद कसा आहे?"

अण्णांनी आपली बोटं डोळ्यांसमोर धरली आणि एकेक करून पाहिली, डाव्या हाताचं मधलंसुद्धा.

"बघू कुठे दिला त्याने," ते म्हणाले. "हात लावायला गेलो की मधे येतो."

ताई पुन्हा शेंगा सोलायला लागली. टरफलं डब्यात आणि दाणे सुपाबाहेर पडत होते, पण आईने तिला टोकलं नाही.

आज तुम्हांला तो कारखाना बघायचा असेल तर करी रोडला उतरून वर बघा. शेडच्या जागी टॉवर आहे. ट्राम गेली, पाव पैसाही गेला. उपरण्यावरची वीण मात्र कितीही धुतलं तरी गेली नाही. अण्णांनी लग्नात तेच घेतलं. पाठवणीच्या वेळी आई ताईला सोडेना. मावश्या रडत होत्या, गाडी खोळंबली होती. परळला जायचं होतं, पण रडणं विलायतेचं होतं. अण्णा थोडा वेळ हात पाठीमागे बांधून उभे राहिले. मग त्यांनी आईच्या खांद्याला हात लावला.

"सोड आता तिला," ते म्हणाले. "फार वेळ धरलं की पाणी परत येतं."

आईला काही कळलं नाही. गाडीपाशी उभा असलेला मधुकर एकटाच हसला, आवाज न करता, आणि त्याने ताईसाठी दार उघडलं.