उकंडरावांची बिनआवाजी चक्की

धामणगाव बढ्यात काळ बदलला की त्याची खबर सगळ्यांत शेवटी उकंडरावांना लागायची. नवे पैसे आले, तेव्हा ते आणे मोजत बसले. किलो आला, तेव्हा त्यांच्या पिठाच्या चक्कीवर पायलीच चालू होती. बाजारात लोक मुद्दाम विचारत, "काऊन उकंडराव, तुमच्याकडं अजून इंग्रजाचंच राज्य हाय का?" हे त्यांच्या जिव्हारी लागलं. यापुढे जे काही नवं येईल, त्याच्या स्वागताला आपण वेशीवर हार घेऊन उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलं. आणि आली नेमकी वीज.

महाराष्ट्र राज्य होऊन तीनेक वर्षं झाली असतील. विजेचे खांब अजून मोताळ्याच्या रस्त्यावर आडवे लोळत होते, तोवर उकंडरावांनी मोटर आणून ठेवलीसुद्धा. नव्या सुनेच्या तोंडावरून हात फिरवावा तसे ते तिच्यावरून रोज फडकं फिरवत. तारा जोडल्या त्याच दिवशी त्यांनी जुनं तेलाचं इंजिन निवृत्तीला विकून टाकलं. निवृत्ती गावाबाहेरच्या मळ्यात वांगी-कांदे करायचा. त्याला विहिरीवर इंजिन हवंच होतं.

"बरं झालं, ब्याद गेली," उकंडराव बायकोला म्हणाले. "काळाच्या पुढं राह्याले पाह्यजे."

"राहा ना," सोजराबाई म्हणाल्या. "जेवाले तेवढं मागं या."

मोटर झकास चालली. धूर नाही, धक्का नाही, दाराबाहेर आवाजही नाही. गिऱ्हाईकही नाही.

घोटाळा असा, की जुन्या इंजिनाच्या धुराड्यावर खुद्द उकंडरावांनीच एक बिनबुडाचं डबडं बसवलं होतं. इंजिन सुरू झालं की ते डबडं 'कुक् कुक् कुक्' करत शिवारभर ओरडायचं. बायका दळणाच्या पाट्या भरून ठेवत आणि कुक् कुक् कानावर आलं की निघत. आता चक्की चालू की बंद, कोणालाच कळेना. वीज तर अशी लहरी, की अंदाजानं आलेल्या बायका दोनदा दळण डोक्यावर तसंच घेऊन परत गेल्या. मग त्यांनी साधा हिशोब केला: जिकडे कुक् कुक्, तिकडे चक्की. एका सकाळी निवृत्तीच्या विहिरीवर ज्वारीच्या पाट्यांची रांग लागली.

"अवं माय, इथं वांगे पाणी पिऊन राह्यले!" निवृत्ती ओरडला. "पीठ नाही भेटत!"

"मंग बोलावतं काऊन?" तानुबाई पाटी आपटून म्हणाल्या. "सकाळपासून कुक् कुक् लावली मेल्यानं!"

निवृत्ती तडक चक्कीवर आला. "उकंडभाऊ, तुमच्या बायका तुम्ही घेऊन जा. नाही तं विहिरीवरच चक्की टाकतो मी. इंजिन हाय, गिऱ्हाईक हाय. फक्त दगड आणा लागते."

उकंडराव ताडकन उठले. चक्की गेली म्हणजे घरची चूल गेली. आणि जाणार कोणाकडे, तर ज्यानं जन्मात कशाचीही तयारी केली नाही अशा माणसाकडे! त्यांनी दाराशी रुळाचा तुकडा टांगून बडवला. शाळा सुटली समजून पोरं घरी पळाली आणि गुरुजी भांडायला आले. मग दवंडी दिली. दवंडी ऐकून बायका दारात पोचल्या आणि लाइट गेली.

"इंजिन इकलं, तवा त्याचा गळाबी इकला तुम्ही," सोजराबाई म्हणाल्या. "तेवढं डबडं तरी मागून आणा."

"मोटरीले डबडं कुठं लावू?"

"मोटरीले लावा कोन म्हन्ते?"

निवृत्तीनं डबडं हसत हसत काढून दिलं. वांग्यांना आवाज लागत नाही म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून पंचक्रोशीतल्या सगळ्यांत आधुनिक चक्कीच्या ओट्यावर, धुतलेली टोपी घालून, उकंडराव डबडं तोंडाला लावून बसू लागले. वीज असली की "कुक्! कुक्! कुक्!" गेली की गप्प. पाट्या परत आल्या. "इंजिनाले सर्दी झाली वाट्टे," एवढंच तानुबाई म्हणाल्या, पण दळण ठेवून गेल्या.

बाजाराला निघालेला निवृत्ती वांग्याची टोपली घेऊन ओट्यापाशी थांबला.

"काऊन भाऊ, डिझल किती खाते हे इंजिन?"

उत्तर उकंडरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंड डबड्यातून काढलं असतं, तर गावाला वाटलं असतं लाइट गेली. त्यांनी निवृत्तीकडे डोळे वटारले आणि कुक् कुक् चालू ठेवलं.