जायबंदी संघांचा भाकीतकार

ऑर्विल टेसमर 'फोर्ट एलरी बीकन' या दैनिकात उद्याच्या सामन्याबद्दल आज लिहीत असे. झालेल्या सामन्याबद्दल कोणीही लिहील, डोळे उघडे ठेवले की झालं. पण न झालेल्या सामन्यावर उन्हाळाभर रोज अर्धं पान भरायचं, तर त्याला काळीज लागतं, असं त्याचं मत होतं.

"काळीज नाही रे, कोडगेपणा लागतो," त्याची बायको जोलीन म्हणायची.

मक्याच्या गोदामावर काम करणाऱ्या बापाचा हा मुलगा पेपरात लागला तो मृत्युलेख लिहायला. पुढे खेळाचं पान सांभाळणारे गृहस्थ वारले. त्यांचा मृत्युलेख ऑर्विलने इतका गोड लिहिला की त्यांची खुर्ची त्यालाच मिळाली. खुर्ची बदलली, पण हात वळण विसरला नाही. कोणाबद्दल वाईट लिहायचं नाही आणि खोटं ठरेल असं काही म्हणायचं नाही, हे दोन नियम त्याने बेसबॉललाही लावले. 'दोन्ही संघ जिद्दीने उतरतील.' 'पिचरची फेक चांगली पडली तर फलंदाजांना जड जाईल.' इतक्या वर्षांत त्याचं एकही भाकीत चुकलं नव्हतं.

त्या ऑगस्टमध्ये मात्र पंचाईत झाली. गावचा संघ कॅटफिश आणि नदीपलीकडच्या वॉलिंग सिटीचा बायसन्स, दोघांचे खेळाडू एकामागून एक जायबंदी होत होते आणि शनिवारी या दोघांचाच सामना होता.

शुक्रवारी दुपारी ऑर्विल मैदानावर गेला. कॅटफिशचा मॅनेजर डच व्हॅनिंग बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता.

"डच, उद्या पिचर कोण?"

"रँडॉल्फ होता."

"होता म्हणजे? खांदा बरा झाला ना त्याचा?"

"खांदा ठणठणीत आहे लेका. अंगठा गेला. घरी लोणच्याची बरणी उघडत होता."

"आणि कॅचर?"

"खबरदारी म्हणून विश्रांती."

विश्रांती घेणारा कॅचर तेवढ्यात कुबड्या टेकत समोरून गेला. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. डचने त्याच्याकडे पाहिलं, मग ऑर्विलकडे पाहिलं आणि बीचं टरफल थुंकून म्हणाला, "कसा आहे ते रोजच्या रोज बघतोय आम्ही."

ऑर्विलने पलीकडच्या गावाला फोन लावला. तिथे तर आनंदच होता. बायसन्सचा होम रनचा बादशहा आजारी मुलांना धीर द्यायला रुग्णालयात गेला, ओल्या फरशीवर घसरला आणि शेजारच्याच वॉर्डात दाखल झाला. आता मुलं त्याला धीर देत होती.

कचेरीत संपादक मार्सी दुबेक त्याची वाट बघत होती. वयाने त्याच्या मुलीएवढी, पण घाई मात्र दोघांच्या वाटची.

"ऑर्विल, मला उत्कंठा हवीय. दोन स्टार समोरासमोर, मध्ये वीज चमकतेय, असा फोटो लावू."

"एक कुबड्यांवर आहे मार्सी, आणि दुसरा पालथा झोपलाय."

"अहो, मग उभं कोण आहे दोन्हीकडे?"

ऑर्विल विचारात पडला. दोन्ही संघांत धडधाकट, अनुभवी आणि मोसमभर रोज मैदानात धावलेली अशी दोनच माणसं होती, ती म्हणजे दोघांचे फिजिओ. कॅटफिशचा लायल हॉर्नबेक आणि बायसन्सचा फर्डी स्टोल्झ.

जन्मात पहिल्यांदाच त्याने मनात आलं ते लिहून टाकलं. 'उद्याची खरी झुंज हॉर्नबेक आणि स्टोल्झ यांच्यात आहे. हॉर्नबेकची शैली आक्रमक. खेळाडू खाली पडायच्या आत त्याची पट्टी तयार असते. स्टोल्झ सावकाश चालत येतो आणि त्याची सगळी भिस्त बर्फावर. सध्या दोघेही जबरदस्त फॉर्मात आहेत, कारण सरावाला तोटा नाही. सामना लांबला तर स्टोल्झचा बर्फ वितळेल, आणि तिथे कॅटफिशला संधी आहे.'

मार्सीने वाचलं, हसून डोळे पुसले आणि दोघांचे फोटो समोरासमोर लावले. मध्ये वीजही चमकवली.

शनिवारी मैदान कधी नव्हे इतकं भरलं. लोक डोक्यावर बर्फाच्या पिशव्या ठेवून आले. कोणी आजोबांच्या कुबड्या आणल्या होत्या, तर एका पूर्ण कुटुंबाने कपाळाला पट्ट्या बांधल्या होत्या. पोर्क सँडविचवाल्याने फलक लावला, 'हॉर्नबेक स्पेशल, गुंडाळून मिळेल.'

लायल हॉर्नबेक हा मितभाषी, टक्कल पडत आलेला माणूस. त्याच्या बायकोने सकाळी त्याला न्हाव्याकडे नेऊन उरलेसुरले केसही कापवून आणले होते. तो बाकाच्या टोकाला लाजून बसला होता. ऑर्विल दिसताच म्हणाला, "काय रे हे केलंस? सासूबाई आल्यात बघायला. आजवर माझं काम काय हेच त्यांना ठाऊक नव्हतं."

"मग चांगलंच झालं की."

"चांगलं काय! कोणी पडलंच नाही तर?"

बाकावरचे सगळे हसले. ऑर्विलही हसला.

दुसऱ्याच इनिंगला चेंडू कॅटफिशच्या नव्या पोराच्या, टोबायस ग्रीरच्या, मनगटावर बसला. पोरगं कळवळून गुडघ्यावर आलं आणि सगळं मैदान आनंदाने उठून उभं राहिलं. "लायल! लायल!" शिट्ट्या, टाळ्या, बर्फाच्या पिशव्या हवेत. टोबायसने मान वर करून पाहिलं. आपलं मनगट मोडलं म्हणून आपलंच गाव का नाचतंय, हे त्याला उमगेना. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ऑर्विलच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं. हे लोक वाईट नव्हते. त्यांनी सकाळी पेपर वाचला होता, एवढंच.

इकडे लायल धावत सुटला. एरवी तो मान खाली घालून धावायचा. आज त्याने टोपी काढली, प्रेक्षकांकडे वळून हलवली, आणि औषधाच्या पिशवीचा पट्टा पायात अडकून आडवा झाला. घोट्याचा आवाज बाकापर्यंत आला म्हणतात.

मैदान चिडीचूप झालं. मनगट धरून बसलेला टोबायसच उठून लायलपाशी गेला. डच पायरीवर उभा राहून इकडेतिकडे पाहू लागला, कारण अशा वेळी ज्याला हाक मारायची तोच खाली पडला होता. मग समोरच्या बाकावरून फर्डी स्टोल्झ उठला आणि बर्फाची पेटी घेऊन नेहमीसारखा सावकाश चालत आला.

"बर्फ नको, आधी पट्टी बांध," लायल खालून म्हणाला.

"गप पड. आज पेशंट तू आहेस."

"अरे, आधी त्या पोराचं मनगट बघ."

"बघतो. तोवर बूट काढ."

स्टोल्झने दोघांनाही बर्फ लावला आणि दोघांनाही पट्टी बांधली. टाळ्या वाजल्या, पण हलक्या हाताने, देवळात वाजवाव्यात तशा. सामना पुढे झाला. बायसन्स जिंकले की काय झालं, हे ऑर्विलला दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच पेपरात पाहावं लागलं.

रविवारी तो जोलीनने केलेला पीचचा केक घेऊन लायलकडे गेला. लायल सोफ्यावर, पाय उशीवर.

"माझ्यामुळे झालं रे," ऑर्विल म्हणाला.

"झालं खरं," लायलने मान डोलावली. "पण सासूबाई सकाळपासून कॉफी आणून देतायत. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे कधी घडलं नव्हतं." मग जरा थांबून म्हणाला, "टोबायसला मात्र जाऊन भेट. त्याला वाटतंय लोकांना तो नको आहे."

ऑर्विल उरलेला केक घेऊन तिथूनच टोबायसच्या खोलीवर गेला. काय झालं आणि कोणामुळे, ते सगळं सांगितलं. टोबायसने ऐकून घेतलं. "म्हणजे ते मला नव्हते हसत?" एवढंच त्याने विचारलं आणि आणलेला केक अर्धा संपवला.

सोमवारी मार्सी खुशीत होती. तो लेख लोकांनी कापून फ्रिजवर चिकटवला होता. "आता पुढच्या सामन्याआधी मैदान झाडणाऱ्या एल्मोवर लिहा. झाडू विरुद्ध झाडू!"

"एल्मोला सहा नातवंडं आहेत मार्सी. त्याला धडधाकट राहू दे."

मग त्याने उद्या कोण खेळणार, ती पोरं कुठल्या गावची आणि सामना किती वाजता एवढंच लिहिलं. ते जेमतेम बोटभर झालं. उरलेल्या अर्ध्या पानावर मार्सीने गाद्यांची जाहिरात लावली.