आजचीच अंडी

महाळुंग्यातून सांगवीला सामान हलवलं, तेव्हा टेम्पोत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. तरी आईनं माझ्या मांडीवर पत्र्याचा एक डबा ठेवलाच. आत कोंडा आणि कोंड्यात अंडी. "धक्का लागू दिऊ नगं," एवढंच म्हणाली आणि गोठ्याकडे वळली. आपण रडताना कुणी बघितलेलं तिला खपत नाही. आणि मी काय विचार करत होतो, तर नव्या सोसायटीत शिरताना हा कोंड्याचा डबा वॉचमनच्या नजरेला पडू नये.

तसं बघायला गेलं तर मी गेलो तरी कुठं? लोक दुबईला जातात, जर्मनीला जातात. मी तासाभरावर गेलो, तेही बायकोची नोकरी औंधला म्हणून. माझी नोकरी अजून महाळुंग्यातच आहे, एका कंपनीच्या क्वालिटी खात्यात, माल तपासायची. रोज सकाळी कंपनीच्या बसनं गावापर्यंत येतो, गावात न शिरता गेटमधून आत जातो आणि संध्याकाळी तसाच परत. बसच्या खिडकीतून आमच्या घराचा निळा पत्रा दिसतो. गावात राहिलेले तुम्ही मला चिडवता, "भावा, तू नक्की गेलायस का हितंच हायेस?" चिडवा, चुकत नाही तुमचं. माझ्यासारखे जे निघून गेलेत त्यांनीही हे वाचावं, कारण मी केलं ते त्यांच्यातल्या कुणीतरी केलंच असणार.

आमचे साहेब दोन वर्षं अमेरिकेतल्या प्लांटला होते. जेवणाच्या सुट्टीत ते तिथल्या डेव्हिल्ड एग्जचं कौतुक करायचे. उकडलेलं अंडं अर्धं कापायचं, बलक काढून मेयोनीज, मस्टर्ड, व्हिनेगर, मीठमिरपूड घालून घोटायचा, परत भरायचा आणि वर तिखट भुरभुरायचं. बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, प्रमोशनचं वारं होतं. मी फुशारकीनं म्हणालो, "साहेब, रविवारी जेवायला या घरी, मी करतो." टीममधले आणखी तिघं गळ्यात पडले. फोनवर सहज आईला बोललो की अंड्याचं काहीतरी करायचंय. रविवारी सकाळी आठला ती दारात हजर, दोन बस बदलून, तोच डबा कडेवर घेऊन.

"समदी आजची हायेत बघ," कोंड्यातून एकेक अंडं काढत ती म्हणाली. "आपली सातच निघाली. मंग घरातली चार दिसांची आळीत तीन घरी दिली न् त्यांची आजची घेतली. तुझ्या सायबापुढं शिळं कशाला?" बोलताना तिचा चेहरा असा खुलला होता की आज तो आठवला तरी मला खाली बघावं लागतं.

अंडी उकडली, गार पाण्यात टाकली, सोलायला घेतली. कवच सुटेना. जिथं म्हणून ओढावं तिथं पांढऱ्याचा लचका निघून यायचा. चार झाली, सहा झाली, सगळी खड्डे पडलेल्या रस्त्यासारखी. अकरा वाजले होते. टीममधला एक जण मदतीला म्हणून लवकर आला होता, तो शेजारी उभा राहून हसत होता. त्याच्यासमोर माझी जीभ सुटली. "आई, हा अख्खा लॉटच रिजेक्ट आहे. खराब अंडी आणलीस तू. यापुढं असलं काही आणत जाऊ नकोस."

आई म्हणाली, "आसंल बाबा." बस्स. तिनं ती फाटलेली अंडी एका ताटलीत गोळा केली, वर मीठ टाकलं आणि गॅलरीत जाऊन खात बसली. मी मोबाइलवरून दुकानातली अंडी मागवली. पंधरा मिनिटांत आली आणि लोण्यासारखी सोलली गेली. प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून, मेंदीच्या कोनासारखी धरून, मी अंड्यांत बलकाची झकास फुलं भरली. वर भुरभुरायला त्यांचं ते पापरिका तिखट नव्हतं, मग काश्मिरी मिरचीची पूड.

साहेब खूश झाले. तिसरा तुकडा तोंडात टाकत त्यांनी विचारलं, "गावरान दिसतात. आईंनी आणली का?"

मी म्हणालो, "हो सर."

आई स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा जग घेऊन उभी होती. ती सगळ्यांकडे बघून हसली आणि तिनं पेल्यांत पाणी ओतलं.

महिन्याभरानं कँटीनच्या आचाऱ्याला सहज विचारलं, तुमची शेकड्यानं अंडी एवढी साफ कशी सोलली जातात. तो म्हणाला, "आठवडाभर ठेवलेली असतात राव. आजचं अंडं उकडलं तर सोलणाऱ्याचा जीव खातं." मी ताट घेऊन तिथंच थबकलो. म्हणजे तिची अंडी खराब नव्हतीच, फार ताजी होती. जी चार दिवसांची तिनं आळीत वाटून टाकली, ती त्यातल्या त्यात बरी सोलली गेली असती. आम्ही कंपनीत चार रुपयांचा नट रिजेक्ट केला तरी कारण शोधून कागद भरतो. आईला रिजेक्ट करताना मी तेवढीही तसदी घेतली नव्हती.

लगेच सांगायला हवं होतं. कंपनीपासून घर चालत दहा मिनिटांवर. पण सांगायचं म्हणजे तो "हो सर"सुद्धा सांगावा लागणार, म्हणून टाळलं. ओव्हरटाइम आहे, पोरगी लहान आहे, असं करत आठ महिने काढले. लाज वाटते हो लिहायला, पण आठ महिने.

परवा गेलो. आईनं दोन अंडी तळून पुढ्यात ठेवली. फळीवर दुकानातला पुठ्ठ्याचा ट्रे होता, पांढऱ्याधोट अंड्यांचा. बाहेर खुराडं उघडं, आत सरपण रचलेलं. मी विचारलं, कोंबड्या कुठायत.

"दिल्या तुझ्या चुलतीला. अंडी खराब निघाया लागली, मंग कशापायी पाळायच्या? तू येनार म्हनून चाकनातनं ही इकत आनली. तुला चालत्यात ती."

मग मात्र मी सगळं सांगितलं, खाली मान घालून. आचाऱ्याचं सांगितलं, साहेबांना दिलेलं उत्तरही सांगितलं.  ती म्हणाली, "त्ये मी ऐकलं व्हतं. दारातच तर व्हते." आणि ताटली माझ्याकडं सरकवून, "खा. निवतंय."

खाल्लं. निघालो तेव्हा ती अंगणापर्यंत आली, पोरीची काळजी घे म्हणाली. हातात काही दिलं नाही. त्या घरातून रिकाम्या हातानं मी पहिल्यांदाच निघालो.

येत्या बाजाराला चाकणातून दोन तलंगा घेणार आहे, अंड्यावर आलेल्या तरण्या कोंबड्या, आणि बसनं न जाता पायी घरी नेऊन देणार आहे. तिनं ठेवून घेतल्या तर ते घर अजून माझं आहे. नाही घेतल्या, तर रोज खिडकीतून दिसतो तो नुसता निळा पत्रा.