पूजेतले पट्टे

उंचीवर पत्रे बसवणाऱ्या माणसाला ठेकेदार दोनच गोष्टी देतो, नट-बोल्टची पिशवी आणि शिव्या. आमच्या ठेकेदाराने तिसरीही आणली होती, सेफ्टी बेल्ट, पण ती फोटोपुरती. त्याचं तोंड आठवलं तरी अजून माझ्या अंगाची लाही लाही होते.

वसमतजवळ हळदीच्या गोदामाचं काम होतं. छपराच्या लोखंडी कैच्या उभ्या राहिल्या होत्या, त्यांवर पत्रे चढवायचे होते. मी आणि माझा थोरला भाऊ त्याच जिल्ह्यातल्या गोरेगावहून येऊन साइटवरच राहत होतो. तपासणीला साहेब येणार म्हणून ठेकेदाराने सहा कोरे पट्टे आणले. आम्ही सहा जण ते अंगात घालून, त्यांचे हुक हातात धरून ओळीने उभे राहिलो. साहेबाने फोटो काढला आणि जाताना शहाणपण सांगितलं, पडलेल्या माणसाला कधी हलवू नका, कण्याचं वाटोळं होतं. तो गेला तसे पट्टे पुन्हा पिशव्यांत आणि पिशव्या कुलपात.

खंडेनवमीला आम्ही ड्रिल, पाने, ग्राइंडर मांडून पूजा केली. ठेकेदाराने पट्टेही मांडले. त्यांना हळदीकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, नारळ फोडला आणि डोळे मिटून हात जोडले. ढोंगी मेला! प्रसाद वाटून झाल्यावर भाऊ म्हणाला, "शेठ, पूजा झाली. आता उद्यापासून पट्टे द्या आमाला."

"काहून? खुंट्याला बांधायचं वासरू हाय का तू? खराब व्हतेत ते. म्होरच्या साइटवर दाखवायचे हायेत."

सगळे हसले. मीही हसलो. भावाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पट्ट्याचं नाव काढलं नाही. मी त्याच्या बाजूने एक शब्द बोललो असतो तर काय झालं असतं? ठेकेदार माझ्यावर खेकसला असता, एवढंच.

थंडीत पहाटेचं दहिवर पत्र्यावर साचतं. ऊन येऊन पत्रा वाळेपर्यंत वर जायचं नाही, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. पण नवी हळद यायचे दिवस जवळ आले होते आणि ठेकेदार खालून बोंबलत होता, "चढा ना! मुहूर्त पाहून राहिले काय?"

भाऊ आधी चढला. मी शिडीवरच होतो. त्याचा पाय ओल्या पत्र्यावरून सटकला आणि तो उताराने घसरत कडेवरून खाली गेला. त्याला पडताना मी पाहिलं नाही, आवाज ऐकला.

तो मुरमावर उताणा पडला होता, डोळे घट्ट मिटलेले, पण शुद्धीत होता. "पाय कळून न्हाई राहिले," एवढंच म्हणत होता. ठेकेदार पळत गेला. मला वाटलं, गाडी बघायला गेला. तो कुलूप उघडून पट्टा घेऊन आला! त्यावर पूजेचं कुंकू तसंच होतं.

"पह्यले हे घाल त्याला. न्हाई तर आपून समदेच मेलो. उचल कंबर."

साहेबाचे शब्द मला त्या क्षणी लख्ख आठवले. तरी मी उचलली. हुकूम आला की हात हलायचे, इतकी वर्षं तेच तर केलं होतं. भाऊ जो ओरडला ते ऐकू येऊ नये म्हणून कान झाकावेत, तर माझे दोन्ही हात त्याच्या कमरेखाली होते. बक्कल लागलं, फोटो निघाला, मग जीप आली.

त्याला दोन दसरे उलटले. भाऊ खाटेवर आहे. मणका पडतानाच तुटला की नंतर सरकला, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. ठेकेदार दुसऱ्या साइटवर मजेत आहे. त्याच्या जिभेला किडे पडोत.

परवा मी भावाला कुशीवर वळवत होतो. तो म्हणाला, "तवा मला कोनं उचललं रे? पडल्यापरीस तेच लई दुखलं."

"ठेकेदारानं," मी म्हणालो.

"मुडदा बशिवला त्याचा," तो म्हणाला, आणि वळायला आधार हवा म्हणून त्याने माझा हात घट्ट धरला.