सोमवारची पाटी

मातीने बरा होणार नाही असा आजार या पृथ्वीवर नाही, असं मानणारे आमच्या वर्ध्यात पुष्कळ होते. पण शेजारच्या काकांइतकं मनापासून कोणी मानलं नसेल. ताप आला की पोटावर ओली माती, डोकं दुखलं की कपाळावर. आमची मांजर लंगडू लागली तेव्हा तिच्या पायालाही त्यांनी मातीची पट्टी बांधली, आणि मांजर दोन दिवस आमच्या धुतलेल्या चादरींवर निसर्गोपचार करत हिंडली. सुई मात्र त्यांच्या लेखी विष. स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, तरी "इंग्रज गेला, त्याची सुई राह्यली," असं ते डॉक्टरांना तोंडावर ऐकवत. डॉक्टर हसत आणि त्यांच्याशी बुद्धिबळ खेळत.

सोमवारी काकांचं मौन असे. स्वतः कातलेल्या सुताच्या दोरीने गळ्यात पाटी. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, मराठीत चुकेन म्हणून गप्प राहणारी. त्यामुळे सोमवारी आमचं फार जमायचं. दोघं ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायचो. त्यांचं व्रत आणि माझं लाजणं बाहेरून सारखंच दिसे.

अशाच एका सोमवारी त्यांचा मूतखडा हलला. पोटावर मातीचा थर घेऊन ते सकाळपासून गडाबडा लोळत होते. "काऊन सोताचा जीव घेऊन राह्यले हे," म्हणत काकूंनी शेवटी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी स्टोव्हवर सुई उकळली आणि मॉर्फिन शिरेतून देऊ का, असं विचारलं. काकांनी पाटीवर लिहिलं, 'माती'. तेवढ्यात कळ आली आणि पेन्सिल मोडली. तळहाताने तो शब्द पुसून, उरलेल्या तुकड्याने त्यांनी 'तू सांग' लिहिलं आणि पाटी माझ्याकडे सरकवली.

सगळे माझ्याकडे बघू लागले. काकांचं जन्मभराचं म्हणणं एका शब्दाने मोडणार होतं, आणि तो शब्द मी बोलायचा होता.

"द्या," मी म्हटलं.

डॉक्टर सावकाश औषध सोडत होते. काकांची आवळलेली मूठ उघडली, आणि चक्क सोमवारी ते बोलले, "दुखणं हाय व पोरी. पन आता ते शेजाऱ्याच्या घरी राह्याले गेलं."

शेजारी म्हणजे ही पोरगीच, याची डॉक्टरांनी त्यांना आठवण करून दिली.

दोन दिवसांनी खडा पडला. त्याचं श्रेय काकांनी मातीला दिलं, मोडलेलं मौन दुसऱ्या दिवशी भरून काढलं. सुईला मात्र पुन्हा नावं ठेवली नाहीत. आणि दर सोमवारी पाटीवर 'तू सांग' लिहून ओसरीवर बसू लागले. मी अडखळत, चुकत सांगायची. कुणालाच न सांगितलेलंसुद्धा. ते शेंगा फोडत ऐकायचे.

काका गेल्यावर ती पाटी काकूंनी मला दिली. सोमवारी कधी ती पुसायला घेते, तेव्हा त्यांचं बोलणं आठवतं. त्यांचं दुखणं संपलं. थोडं अजून शेजाऱ्याच्या घरी राहतं.