धुरात मारलेली बुडी
ओल्या पेंढ्याच्या धुराचा वास आला की ठाण्याच्या खाडीकाठचं मिठाचं रिकामं कोठार आठवतं. आगीच्या बंबावर नव्याने लागलेल्या आम्हा कोळ्यांना शिकवायला जमादाराने आत पेंढा पेटवून दार लावलं होतं. पोटावर सरपटत पलीकडच्या दाराने बाहेर पडायचं होतं. मध्येच माझा दम संपला. लहानपणापासून खाडीत बुड्या मारलेल्या, दम संपला की वर यायचं एवढंच अंगाला ठाऊक. मी ताडकन उभा राहिलो. वर हवा नव्हतीच. छातीत निखारे भरल्यासारखं झालं. मागच्या सोबत्याने पाय ओढून मला आडवं पाडलं. "आरं, खाली! यो दर्या नाय!" जमिनीलगत श्वास मिळाला. आता म्हातारा झालो, पण त्यानंतर खाडीत कधी बुडी मारली नाही. दम संपला तर धुरात शिकल्यासारखं अंग वर यायचं सोडून खालीच जाईल, अशी भीती वाटते.